पाऊस कुठल्या भांड्यात मोजायचा?

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, जिथनं कुठनं ऐकताय त्या सगळ्यांना नमस्कार. संध्याकाळची वेळ आहे, कोण भाकऱ्या थापत असेल, कोण दुकानाचं शटर ओढायच्या बेतात असेल, तर कामं चालू दे तुमची, नुसते कान तेवढे इकडं असू देत.

मी बेळगावच्या पश्चिमेला एका गावात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते, गणित आणि विज्ञान, सहावी ते आठवीला. आज बोलायचं आहे ते प्रोजेक्टबद्दल. हा शब्द आता घराघरात पोचलाय, आजीला पण माहीत झालाय, कारण रविवारी रात्री नऊ वाजता नातवाला आठवतं की उद्या प्रोजेक्ट द्यायचाय, आणि मग चार्ट पेपर, फेविकॉल, थर्माकोल, झेरॉक्सच्या दुकानातनं चित्रांचे प्रिंट, सगळं घर कामाला लागतं. त्यात चूक कोणाची हे मी बोलणार नाही. मला वेगळंच विचारायचंय. एवढं सगळं करून झाल्यावर त्या पोराला काय समजलं?

माझ्याच वर्गातली गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या आठवीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी पावसाचं पाणी साठवायचं मॉडेल केलं होतं. थर्माकोलचं घर, लाल कागदाचं कौलारू छप्पर, स्ट्रॉची पन्हाळ, खाली निळ्या जिलेटिन कागदाची टाकी. फार सुंदर झालं होतं. मुलं धडाधडा माहिती सांगत होती, भूजल पुनर्भरण, जलसंधारण, सगळे शब्द पाठ. पहिला नंबर आला. आणि बक्षीस मिळाल्यावर एक म्हातारे शेतकरी, कुणाचे तरी आजोबा असतील, ते मॉडेलजवळ थांबले आणि त्यांनी अगदी साधं विचारलं, "बाळ, ह्या घरावर एक चांगला पाऊस पडला तर टाकी भरेल काय गा?"

मुलगा गप्प. त्यानं माझ्याकडं बघितलं. बाकीच्या तिघांनी पण माझ्याकडं बघितलं. आणि मला कळलं की हा प्रश्न मी त्यांना महिनाभरात एकदा पण विचारला नव्हता. छप्पर केवढं, पाऊस किती, टाकी केवढी, ह्या तीन गोष्टींचा एकमेकांशी काय संबंध, हेच तर त्या प्रोजेक्टचं हृदय होतं आणि तेच आम्ही बाहेर ठेवलं होतं. मुलांनी मेहनत घेतली होती, बुद्धी पण होती. ज्या दिवशी मी काम आखलं त्या दिवशीच समजणं त्या आराखड्यात नव्हतं.

तेव्हापासनं मी उलटीकडनं सुरुवात करायला लागले. आधी वस्तू ठरवायची नाही, मॉडेल काय करायचं ते ठरवायचं नाही. आधी वहीत लिहायचं की दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत माझ्या पोराला कुठली एक गोष्ट अशी कळली पाहिजे की ती त्याला वीस वर्षांनी पण उपयोगी पडेल. मग लिहायचं की ती कळली हे मला कशावरनं समजेल, म्हणजे तो काय करून दाखवेल, कुठल्या नवीन प्रश्नाचं उत्तर देईल. आणि सगळ्यात शेवटी, तिथपर्यंत पोचायला हातानं काय काम करायचं. ही रीत ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय ह्या दोन अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ मध्ये नीट मांडली. पण आपल्या गवंड्याला विचारा, तो पण आधी स्लॅब किती उंचीवर यायचाय ते बघतो आणि मग पाया खणतो.

तर मी वहीत लिहिलं होतं, "इतके मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे नेमकं काय, हे मुलाला कळलं पाहिजे." एवढंच. बातम्यांत आपण रोज ऐकतो, खानापूरला इतके मिलिमीटर, कणकुंबीला इतके. पण लांबी मोजायचं माप पावसाला कसं काय लावतात हो? पाणी तर आपण लिटरमध्ये मोजतो. मोठ्या माणसांना विचारून बघा, शंभरातले किती जण सांगतील मला शंका आहे.

जून उजाडला, मृग लागला, पाऊस सुरू झाला. मी मुलांना सांगितलं, घरातनं भांडी आणा, पाऊस मोजायचाय, कुठलं भांडं ते तुम्ही ठरवा. एक जण पातेलं घेऊन आला, एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा, एक सरळ उभा स्टीलचा ग्लास, आणि एक मुलगी घरातनं कळशी घेऊन आली. सगळी मैदानात ओळीनं मांडली. मधल्या सुट्टीच्या आत जोराची सर येऊन गेली. मुलं धावत गेली आणि पहिली ओरड आली, "टीचर, पातेल्यात जास्त पाऊस पडलाय की!" दुसरा म्हणाला, पातेलं मोठं आहे म्हणून. मी म्हटलं, मग आपल्या गावात पाऊस किती पडला? पातेल्याएवढा की ग्लासाएवढा?

शांतता. मग एकानं पट्टी आणली आणि भांड्यात उभी धरली. पातेल्यात बावीस मिलिमीटर, डब्यात बावीस, ग्लासात एकवीस. आणि कळशीत तळाला जेमतेम पातळ थर. त्या कळशीवरनं जे भांडण झालं ना, ते मी आयुष्यात विसरणार नाही. कोण म्हणालं कळशी झाडाखाली होती, कोण म्हणालं कुणीतरी ओतलं. शेवटी जिनं कळशी आणली होती तीच म्हणाली, "टीचर, तिचं तोंड बारीक हाय आणि पोट मोठं हाय. तोंडातनं आलेला पाऊस पोटात पसरालाय." ही पोरगी एरवी वर्गात तोंड उघडायची नाही. मी त्या दिवशी पुढचं काहीच शिकवलं नाही. त्या वाक्याच्या वर काय शिकवणार?

पण इथं थांबून चालत नाही, आणि बरेच जण इथंच थांबतात. मुलांनी स्वतः शोधलं, छान झालं, फोटो काढले, संपलं. नाही. दुसऱ्या दिवशी मी फळ्यासमोर उभी राहून पाऊण तास सरळ शिकवलं, खडू घेऊन, जुन्या पद्धतीनं, क्षेत्रफळ आणि घनफळ. कारण आता त्यांना त्याची भूक लागली होती. एक चौरस मीटर म्हणजे शंभर सेंटिमीटर गुणिले शंभर, त्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दशांश एक सेंटिमीटर, गुणाकार केला की हजार घन सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक लिटर. मग व्हरांड्यात एक मीटर बाय एक मीटरची चौकट लाकडी पट्ट्या लावून केली, वर ताडपत्री अंथरली, मोजून पाच लिटर पाणी ओतलं आणि पट्टी लावली. फरशी थोडी उतरती होती म्हणून एका कोपऱ्यात सहा आलं, दुसऱ्यात चार. सगळीकडचं धरून सरासरी काढली, पाच. वर्गात जो आवाज झाला तो ऐकून शेजारच्या वर्गाच्या बाई धावत आल्या काय झालं म्हणून.

हे मी मुद्दाम सांगते, कारण प्रोजेक्ट म्हणजे शिक्षकानं गप्प बसायचं आणि मुलं आपलं आपण शिकतील असा एक समज पसरलाय. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क ह्या तीन संशोधकांनी ह्याच्यावर खरमरीत लेख लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं की नवशिक्या मुलाच्या डोक्यात एका वेळी फार थोड्या गोष्टी मावतात, त्याला काही न सांगता मोठ्या प्रश्नात सोडून दिलं तर तो धडपडण्यातच दमतो, शिकणं बाजूला राहतं. मला ते पटतं. पण म्हणून प्रोजेक्टच नको हे मात्र पटत नाही. कुठं बोलायचं आणि कुठं तोंड बंद ठेवायचं हे आधी ठरवणं, हेच तर अभ्यासक्रम आखणं. कळशीच्या भांडणात मी बोलले असते तर सगळं वाया गेलं असतं, आणि क्षेत्रफळ शिकवलं नसतं तर ते भांडण नुसती गंमत म्हणून राहिलं असतं.

प्रोजेक्ट ही कल्पना नवीन नाही हो. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक ह्यांनी १९१८ मध्ये प्रोजेक्ट पद्धतीवर लेख लिहिला, मुलानं मनापासनं हाती घेतलेलं काम हाच शिक्षणाचा गाभा असं ते म्हणाले. ते ज्यांना गुरू मानत त्या जॉन ड्युईंनी १९३८ मध्ये स्पष्ट लिहिलं की शिक्षण अनुभवातनं येतं हे खरं, पण म्हणून प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही. आणि आपल्याकडं? १९२४ साली गांधीजी आपल्या बेळगावात टिळकवाडीत काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते, ते एकमेव अधिवेशन ज्याचं अध्यक्षपद त्यांनी घेतलं, त्या अधिवेशनासाठी खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे, आपण तिच्यावरनं रोज जातो. त्याच गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली आणि झाकीर हुसेन समितीनं तिचा अभ्यासक्रम आखला. त्यातला मुद्दा असा होता की हाताचं काम हा वेगळा तास नको, त्या कामातनंच गणित, भूगोल, भाषा आली पाहिजे. आपण काय केलं, काम वेगळं ठेवलं आणि धडा वेगळा. धडा आधी संपवायचा, मग जेवणावर बडीशेप दिल्यासारखा प्रोजेक्ट द्यायचा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की प्रोजेक्ट हेच जेवण असू दे, धडा त्याच्यातच शिजू दे.

आता पुढं काय झालं ते ऐका. शाळेचं छप्पर मोजायचं ठरलं. कौलारू खोली, नऊ मीटर लांब, सहा मीटर रुंद. मुलं म्हणाली छप्पर उतरतं आहे, उताराची लांबी मोजली पाहिजे, शिडी आणा. मी शिडी दिली नाही, फक्त विचारलं, पाऊस सरळ वरनं पडतो, तुमच्या छपरानं किती पाऊस अडवला ते खालनं कळेल काय? दोन दिवस गेले. मग एक जण म्हणाला, "टीचर, छपरानं जेवढी जमीन कोरडी ठेवली तेवढाच पाऊस अडवला की." बरोबर. उतार कितीका असेना, हिशेब खालच्या जमिनीचा. चोपन्न चौरस मीटर. बारा मिलिमीटर पाऊस आला त्या दिवशी सहाशे अठ्ठेचाळीस लिटर पाणी मिळायला पाहिजे होतं. टाकीत मोजलं तर दोनशे साठच्या आसपास.

माझ्या मते वर्षातला सगळ्यात मोलाचा दिवस तोच. हिशेब चुकला काय? तीनदा केला, बरोबर. मग पाणी गेलं कुठं? मुलं शाळेला वळसा घालून मागं गेली आणि बघितलं तर छपराच्या मागच्या बाजूला पन्हाळच नाही, अर्धा पाऊस मागच्या गटारात. म्हणजे तीनशे चोवीस राहिले. तरी साठ-पासष्ट लिटर कमी. मग कोण म्हणालं कौलं पाणी पितात, कोण म्हणालं पन्हाळीच्या जोडाला गळतंय, एकानं जोडाखाली बादली ठेवून सरळ मोजलंच. कागदावरचं उत्तर आणि टाकीतलं उत्तर जुळत नाही तेव्हा माणूस खरा विचार करायला लागतो. थर्माकोलच्या घरात हे कधी होणार नाही, कारण थर्माकोलची टाकी कधी कमी भरत नाही.

ह्याला वेळ लागतो. आणि शिक्षक ऐकत असतील तर त्यांच्या मनात आत्ता हाच प्रश्न असेल, पोर्शन कधी संपवायचा? खरं आहे. चाळीस मिनिटांच्या तासात पाऊस मोजून होत नाही. मी शनिवारची सकाळची शाळा त्यासाठी धरली, मुख्याध्यापकांशी बोलून सलग दोन तास मागून घेतले. आणि दुसरं म्हणजे वर्षात असे पाच-सहा प्रोजेक्ट करायचे नाहीत. दोन करा, फार तर तीन, पण प्रत्येकात तीन-चार धडे गुंफा. पावसाच्या एका प्रोजेक्टमध्ये माझं क्षेत्रफळ, घनफळ, सरासरी, आलेख आणि जलचक्र एवढं सगळं झालं, म्हणजे वेळ गेला नाही, वाचला. फक्त धड्यांची क्रमवारी हलवावी लागते. आपली शाळा जूनच्या तोंडावर सुरू होते आणि पाऊसपाण्याचा धडा जानेवारीत घेतला तर आभाळ कोरडं, मग पुन्हा थर्माकोलच. वर्षाचं नियोजन करताना पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशेजारी पंचांग ठेवा असं मी म्हणेन.

पंचांगावरनं आठवलं. विहिरीचं पाणी मोजायला आम्ही दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या आणि दर शनिवारी काठापासनं पाणी किती खाली ते लिहिलं. मुलांना वाटलं होतं ज्या आठवड्यात पाऊस जास्त त्या आठवड्यात पाणी जास्त चढणार. तसं झालं नाही, पाऊस थोडा उघडल्यावर पण पाणी चढतच राहिलं. एका मुलीनं घरी आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "तरण्या पावसानं जमीन भिजत्या, म्हाताऱ्या पावसात झरे फुटतात गे." पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा, आपल्याकडं असंच म्हणतात. मुलांनी आलेखाच्या खाली तारखांबरोबर नक्षत्रं पण लिहिली. पुस्तकातला भूजल पुनर्भरण हा शब्द आणि आजोबांचं झरे फुटणं एकाच कागदावर आलं. शब्द पाठ करायची गरजच पडली नाही कुणाला.

म्हणून मला वाटतं, राज्याच्या अभ्यासक्रमानं प्रश्न द्यावा, काय समजलं पाहिजे ते ठामपणे सांगावं, पण साहित्य शाळेवर सोडावं. आपलाच जिल्हा बघा की, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते तिथं पावसानं माणूस घराबाहेर पडत नाही आणि अथणीकडं लोक ढगाकडं डोळे लावून बसतात. दोन्हीकडं एकच मॉडेल कसं चालेल? खानापुरात माती आहे, कुंभारकाम आहे, तिथं भट्टीत मातीचं काय होतं ते बघा, भाजलेलं मडकं परत पाण्यात का विरघळत नाही. वडगाव-शहापुरात माग आहेत, उभे धागे किती, आडवे किती, एका इंचात किती, तिथं गुणोत्तर हाताला लागतं. शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात बासमतीचं भात बळ्ळारी नाल्याच्या पाण्याखाली जातं, तिथल्या मुलांना पाणी कुठनं येतं, कुठं अडतं, उतार किती हे शिकवायला पुस्तकातला नकाशा कशाला पाहिजे? आपल्या कर्नाटकात नली-कली आहे, १९९५ मध्ये म्हैसूर भागात हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झाली, लहान मुलांना आपल्या वेगानं, खेळत, कार्डांवरनं शिकवणारी. तिथं शिक्षकांनीच साहित्य घडवलं होतं. तो विश्वास वरच्या वर्गांच्या शिक्षकांवर पण टाकायला पाहिजे.

मार्कांचं सांगते आणि आवरते. एफएला, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाला, प्रोजेक्टचे मार्क असतात आणि ते बहुतेक वेळा फाईलच्या कव्हरला पडतात. मी फाईल बघते, पण मार्क त्याला देत नाही. मी एकेकाला जवळ बोलावून तीन मिनिटं बोलते आणि कधी न बघितलेला प्रश्न देते. गोकाकला वीस मिलिमीटर पाऊस पडला, देवळाचं सपाट छप्पर आठ बाय पाच मीटर, किती पाणी? आठशे लिटर, हे बऱ्याच जणांना येतं. मग विचारते, देवळातल्या टाकीत साडेपाचशेच आलं, तू आधी कुठं जाऊन बघशील? इथं कळतं कोण शिकलंय. गटात एकच पोरगं काम करतं आणि बाकीचे दोरी धरून उभे राहतात, ते पण इथंच उघडं पडतं. आणि एक गोष्ट मी फार उशिरा बघितली, मुली सुंदर अक्षर काढतात म्हणून त्यांच्याकडं लिहायचं काम आणि मुलांकडं मोजायचं, असं आपोआप व्हायचं. आता दर शनिवारी कामं फिरवते.

पालकांनो, तुमच्याकडं एकच मागणं आहे. पोराला चार्ट रंगवून देऊ नका, रात्री जागू नका. त्याच्याजवळ बसून विचारा, तुला ह्यात काय कळेना झालंय? मुलगा म्हणाला सगळं कळलंय तर अजून एकदा विचारा.

यंदाच्या सातवीनं परवा मला अडवलं. शेजारच्या शेतात नवीन बोअर मारलाय, मोटर दिवसरात्र चालते, आणि आमच्या विहिरीची गाठ मागच्या वर्षी ह्या दिवसांत जिथं होती त्याच्यापेक्षा दोन फूट खाली गेलीय. "टीचर, आपलं पाणी तिकडं जालंय काय?" मी म्हटलं, पाऊस पण यंदा कमी आहे, मग कशामुळं ते कसं ओळखायचं? त्यावर त्यांनी ठरवलंय की मोटर बंद असेल त्या दिवशी पहाटे एकदा आणि चालू असेल त्या दिवशी पहाटे एकदा मोजायचं, आणि गावातल्या लांबच्या अजून दोन विहिरींना पण दोरी सोडायची. बोअरवाल्या काकांना विचारायला दोघं जण गेले होते, काका हो म्हणालेत. येत्या शनिवारी पहाटे साडेपाचला विहिरीवर जमायचंय, मला पण बॅटरी घेऊन यायला सांगितलंय. नमस्कार.